कडं की चुंबळ

सर माणसांवर रागावत नसत, हत्यारांवर रागवायचे. छाती उघडलेली, हृदय थांबवलेलं, रक्त मशीनमधून फिरतंय, आणि माझ्यासारख्या नवशिक्याच्या हातून टाका तिरपा गेला, तरी ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. माझ्या हातातल्या चिमट्याला म्हणायचे, "काहून बे, झोप झाली नाई का तुही? सरळ जायले काय होते?" मग सिस्टरला सांगायचे, "याले बाहेर बसव जरा वेळ. हवा लागू दे." सिस्टर तो चिमटा गंभीर चेहऱ्याने बाजूच्या ट्रेमध्ये ठेवायची आणि मला दुसरा द्यायची. मास्कमागे सगळे हसत असायचे. मी मात्र घामाने भिजलेला असे, कारण बाहेर नेमकं कोणाला बसवलंय ते मला पक्कं ठाऊक असे.

वाशिम जिल्ह्यातल्या केनवडचा माणूस. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हृदयाचे सर्जन म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं, पण बोलणं वऱ्हाडीच राहिलं. परदेशातून कोणी पाहुणे डॉक्टर आले, तर त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचे आणि मध्येच हृदयाकडे वळून म्हणायचे, "थांब माय, पावन्याशी दोन शब्द बोलू दे." मी वाशिमचा. एवढ्या नात्यावर त्यांनी मला जवळ केलं, शिकवलं, जेवू घातलं. मी आता पन्नाशी ओलांडली आहे. मी बोलका माणूस नाही, आणि जे आता लिहितो आहे ते बायकोलाही सांगायला मला फार वेळ लागला.

त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे रिंगेविषयी लिहावं लागतं. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. तिला दोन पाकळ्या, बारीक दोऱ्यांनी खालून धरून ठेवलेल्या. ज्या चौकटीत त्या बसलेल्या असतात ती चौकट सैल पडली, की पाकळ्या एकमेकींना पुरत नाहीत आणि रक्त उलटं फिरतं. तेव्हा झडप दुरुस्त करताना चौकटीला एक रिंग शिवतात, म्हणजे ती पुन्हा आकारात येते. आता ही रिंग कोणती असावी यावर जगभरातले सर्जन भांडतात. आत धातू असलेली, कडक, पूर्ण गोल? खोगिरासारखी वाकवलेली, थोडी कडक, थोडी लवचीक? नुसत्या कापडाची, मऊ? की मऊच, पण अर्धी, फक्त मागच्या बाजूला शिवायची पट्टी?

सरांच्या टेबलावर एक चुंबळ असायची. खरीखुरी, डोक्यावर घागर ठेवण्याआधी बायका जुन्या लुगड्याची वळतात तशी. तिच्यावर त्यांचा पाण्याचा तांब्या. शेजारी एक पितळी कडं. नवीन शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते आधी कडं डोक्यावर ठेवायला लावत, वर भरलेला तांब्या, आणि खोलीभर चालायला सांगत. मग चुंबळ ठेवून पुन्हा. पहिल्या फेरीत शर्ट भिजायचाच.

"समजलं? घागर हालते, चुंबळ तिच्यासंग हालते. म्हनून पानी सांडत नाई. चौकट जित्ती हाय, दर ठोक्याले हालते. तिले कड्यात कोंबली तर मुकाट्यानं बसन थे, पन मनातून नाई बसनार."

सर मऊ पट्टीवाले. मी दुसऱ्या बाजूचा झालो. कडक रिंग आकार धरून ठेवते, पुढे वर्षानुवर्षं चौकटीला पसरू देत नाही, असं माझं मत वाचून-पाहून तयार झालं होतं. एकदा धीर करून म्हणालो, "सर, पण चुंबळ बायका रोज नवी वळतात. आपल्याला पुन्हा आत जाऊन वळता येते का?"

ते थांबले. मग टेबलावरच्या चुंबळीला म्हणाले, "ऐकलं का वो बाई? आता बोल." आणि इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. नंतर कित्येक वर्षं ते माझं हे वाक्य माझ्या नावासकट सगळ्यांना सांगत राहिले, माझ्या विरोधात नव्हे, कौतुकाने. आपल्याविरुद्धचा चांगला मुद्दा असा मिरवणारा दुसरा शिक्षक मी पाहिला नाही.

आणखी एक खोड. कुठलीही गोल वस्तू दिसली की अंगठा आणि तर्जनीत धरून दाबून बघायचे. सायकलचं टायर, चाळणीचा काठ, लग्नातल्या डफाची कड. एका लग्नात नवरीच्या बाशिंगाच्या पट्टीकडे हात जाताना मी स्वतः त्यांना अडवलं आहे.

निवृत्तीनंतर सगळ्यांना वाटलं, ते शहरातच कुठेतरी मोठ्या पदावर बसतील. ते केनवडला धाकट्या भावाकडे जाऊन राहिले, आणि बाजाराच्या दिवशी पेशंट बघू लागले. जागा म्हणजे रस्त्याकडेची बंद पडलेली रसवंती. उसाचा चरक तसाच होता, त्याला बांधलेले घुंगरूही. सर तो चरक हलवू देईनात. एखाद्या पेशंटला धाप किती लागते ते बघायचं असलं, तर म्हणायचे, "चरक फिरव पाहू." पेशंट दांडा धरून गोल फिरायचा, घुंगरू वाजायचे, आणि सर डोळे मिटून ऐकायचे. घुंगरू मध्येच अडखळले की म्हणायचे, "बस, बस. समजलं."

महिन्यातून एकदा मीही तिथे जायचो. ज्यांना ऑपरेशन लागेल त्यांना शहरात माझ्याकडे पाठवायचं, असं ठरलं होतं. तिथेच 'रिंग' या शब्दावर बंदी आली. इंझोरीच्या एका शेतकऱ्याला मी समजावत होतो, तुमच्या बायकोच्या झडपेला रिंग टाकावी लागेल. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "टाका ना साहेब. किती फुटी टाकता? आमच्या हिरीत तर पाच फुटी टाकल्या, तरी एका बाजूनं ढासळलीच." विहिरीत सिमेंटच्या रिंगा उतरवतात, तीच रिंग त्याच्या डोळ्यांसमोर होती. मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. त्याला म्हणाले, "बरोबर बोलला तू. ढासळू नाई म्हनूनच टाकतो." आणि मला म्हणाले, "आजपासून इथं रिंग म्हनाचं नाई. कडं म्हन, चुंबळ म्हन. मानसाले आपल्या छातीत हीर दिसली नाई पायजे."

सरांच्या स्वतःच्या झडपेची दोरी तुटली, ती त्यांनी मला त्याच रसवंतीत ऐकवली. पेशंट संपले होते. त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावला आणि दुसरं टोक स्वतःच्या शर्टाच्या आत धरलं.

"ओळखीचा आवाज हाय का?"

होता. रक्त फुसफुसत उलटं जात होतं. माझा चेहरा बघून म्हणाले, "रडू नको बे. दुरुस्त होते हे, आपनच करतो रोज. तू करशीन. फकत एक. माह्यात चुंबळच टाकजो. तुहं कडं माह्या छातीत नको. शब्द दे."

मी शब्द दिला.

ऑपरेशनच्या दिवशी मी मऊ पट्टीच शिवली. तुटलेली दोरी बदलली, पट्टी बसवली, आणि मग आम्ही नेहमी करतो तसं आत पाणी भरून पाहिलं. पाकळ्या फुगल्या, मिटल्या. पण पुढच्या एका कोपऱ्यातून, जिथे पट्टी पोचत नव्हती, पाणी झिरपत होतं. फार नाही, पण होतं. चौकट पुढूनही पसरली आहे, असं माझं मत झालं. मी पट्टी काढली आणि पूर्ण गोल, कडक रिंग शिवली. पुन्हा पाणी भरलं. थेंबही आला नाही.

हे सगळं खरं आहे. पण त्या कोपऱ्यात आणखी एक टाका घालून बघता आला असता, हेही तितकंच खरं आहे. मी तो घातला नाही. हृदय थांबवलेलं असताना वेळ मोजका असतो, हे एक कारण. दुसरं कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. ज्या माणसाशी आयुष्यभर या एकाच गोष्टीवर वाद घातला, तो झोपलेला असताना वाद जिंकायची संधी मला दिसली, असं तर नव्हतं? मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

शुद्धीवर आल्यावर, घशातली नळी काढल्यावर, त्यांचा पहिला शब्द होता, "चुंबळ?" आवाज फाटलेला. मी मान हलवली. त्या क्षणी त्यांना त्रास नको म्हणून होकार दिला, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तर सांगता आलं असतं. घरी सोडताना सांगता आलं असतं. कागदावर तर मी सगळं खरंच लिहिलं होतं, पण पेशंटने आपली फाईल वाचली की तो धड पेशंट राहत नाही आणि धड डॉक्टर होत नाही, असं सरांचं मत होतं. फाईल माझ्याकडेच राहिली. पुढच्या सगळ्या तपासण्याही मीच केल्या.

सर ठणठणीत झाले. आणि मग रसवंतीत नवीनच प्रकार सुरू झाला. ऑपरेशनला घाबरणारा पेशंट आला, की ते शर्टाची बटणं काढून छातीवरचा व्रण दाखवायचे. "हे पाय. माह्यात चुंबळ हाय. मऊ. अशी हालते, मले आतून जानवते." मग स्वतःच चरकाचा दांडा धरून फिरायचे. घुंगरू न अडखळता वाजायचे.

धनजच्या सुनंदाबाई अशाच आल्या होत्या. कारंज्याच्या बाजारात भाजी विकणारं कुटुंब, बाई मळ्यात राबणारी, आणि धाप लागून खाली बसत होती. ऑपरेशन नकोच म्हणत होती. सरांनी तिला व्रण दाखवला, चरक फिरवून दाखवला. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "खरं हाय का डाक्टर? यायच्यात तेच हाय जे माह्यात टाकनार?" सर कौतुकाने माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. दुसऱ्यांदा.

ती तयार झाली. मी तिच्यात मऊ पट्टी शिवली, आणि ती उत्तम बसली. पण त्या दिवसापासून रसवंतीत जायचं मला नकोसं झालं. मी दोनदा काही कारण सांगून गेलोच नाही.

शेवटी बोलायला लागलं ते सरांच्याच एका लहरीमुळे. रसवंतीत चहा पिताना सहज म्हणाले, "मी मेलो का मग थे चुंबळ काढून घेजो. बरनीत ठेवजो. पोरायले दाखवजो, इतके वर्ष हालून हालूनही कशी मऊ राह्यली."

मी कप खाली ठेवला. "सर, तुमच्यात चुंबळ नाही."

मी सगळं सांगितलं. झिरपणारं पाणी, काढलेली पट्टी, गोल रिंग, हललेली मान. ते ऐकताना कपाचा काठ अंगठ्याने दाबत होते.

"एक टाका घालून पाह्यला का तिथं?"

"नाही."

"काहून?"

"वेळ नव्हता म्हणून असेल. तुम्हाला चूक ठरवायचं होतं म्हणूनही असेल. सर, मला खरंच कळत नाही."

ते उठून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. बाजार मोडत होता, गाड्या भरत होत्या. खांदे हलताना दिसले, आणि मला वाटलं ते रडत आहेत. वळले तेव्हा हसत होते. डोळ्यांत पाणी येईतो हसत होते.

"मले जानवत होतं बे! आतून मऊ हालते, हे मले जानवत होतं! लोकायले सांगून राह्यलो, छातीवर हात ठिऊन!" ते खाली बसले. "आतून काईच कळत नाई रे. काईच नाई. अन् मी आयुष्यभर भांडलो."

"सर, तुमचं चूक नव्हतं. सुनंदाबाईंच्यात मऊच घातली आहे. त्यांच्यासाठी तीच बरोबर होती."

त्या नावाबरोबर त्यांचं हसणं थांबलं. मग ते माझ्यावर रागावले. हत्यारावर नाही, कपावर नाही, माझ्या डोळ्यांत बघून माझ्यावर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"माह्या छातीत काय टाकलं, थे तुहं अन् माहं. मी पाहून घेईन. पन त्या बाईले तू माह्या तोंडानं खोटं बोलला. मी तिले छाती उघडी करून दाखवली. हे नाई चालत. दोघाच्या फाईली घे. धनजले जाऊ."

पुढच्या आठवड्यात मी शहरातून फाईली घेऊन आलो आणि आम्ही निघालो. मालेगाव, शेलूबाजार, कारंजा. वाटभर दोन्ही फाईली त्यांच्या मांडीवर होत्या. त्यांनी एकही उघडली नाही.

सुनंदाबाई मळ्यात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, धाप न लागता.

"अव माय! दोघं दोघं डाक्टर? काई निघालं का माह्यात?"

"तुह्यात नाई, माह्यात निघालं," म्हणत सर बांधावर बसले. "बाई, मी तुले खोटं सांगतलं होतं. माह्यात चुंबळ नाई. कडं हाय."

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग तुमाले कोनं सांगतलं होतं, चुंबळ हाय म्हनून?"

सर बांधावरचं गवत उपटत राहिले. माझ्याकडे बघेनात.

"मी," मी म्हणालो.

"तुमी?" तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मी इचारलं होतं तुमाले. तोंडावर इचारलं होतं. तुमी मान हलवली."

"हो."

"काहून?"

"सरांना शब्द दिला होता, तो पाळला नाही. मग सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही विचारलं तेव्हाही झाली नाही."

ती खाली बसली. दोरा गुंडाळून जुडी पुरी केली, बाजूला ठेवली. "मंग माह्यात काय हाय? आता खरं सांगजा."

"मऊ पट्टी. सांगितली होती तीच."

ती सरांकडे वळली. "खरं हाय का हे?"

"मले काय माहीत?" सर म्हणाले. "मी होतो का आत? त्यालेच इचार."

मी तिच्या फाईलमधून छातीचा एक्स-रे काढला आणि उन्हाकडे धरला. बरगड्या, हाड शिवलेल्या तारा, हृदयाची सावली. ती माझ्या शेजारी येऊन मान वर करून बघू लागली.

"कुठी हाय?"

"दिसत नाही. कापडाची आहे. फोटोत येत नाही."

"वा रे वा! दिसत नाई म्हनून हाय म्हन्ता?"

मी सरांचा एक्स-रे काढला. तो तिने माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच धरला. हृदयाच्या सावलीत एक पांढरी रेघ, अंड्यासारखी गोल, स्वच्छ.

"हे तर दिसते." तिने दोन्ही फोटो शेजारी-शेजारी धरले. यातून त्याच्यात, त्यातून याच्यात, असं बराच वेळ बघितलं. "म्हनजे यायच्यात हाय थे माह्यात नाई. अन् माह्यात हाय थे दिसत नाई."

"हो."

"तुमच्यावर इश्वास ठेवा लागन म्हना ना मंग."

"हो."

"ठेवते," ती म्हणाली. "पन आजपासून. मांगचं नाई."

मी मान हलवणार होतो. थांबलो, आणि तोंडाने "बरं" म्हणालो.

"दाखव," सर बांधावरून म्हणाले. सुनंदाबाईंनी त्यांचा फोटो त्यांच्या हातात दिला. स्वतःचा फोटो त्यांनी कधीच पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो उन्हात तिरका केला, सरळ केला, पुन्हा तिरका केला. त्या पांढऱ्या रेघेवरून बोट एकदा पूर्ण फिरवलं, सुरुवातीला येऊन थांबलं.

"चांगलं बसलं हाय, लेका," ते म्हणाले. "याच्यात लपवायसारकं काय होतं?"